अळीला औषधाची सवय लागते का?

प्रश्न : सर, शिरोळ तालुक्यात आमचा अर्धा एकर कोबी असतोय. 3 वर्षं एकच औषध मारालोय. पहिल्यांदा एका फवाऱ्यात अळी साफ व्हायची, आता डोस डबल केला तरी पानाला हात लावला की वळवळत धाग्याला लोंबकळतीया. दुकानदार म्हणतोय सवय लागली, बारावीतली पोरगी म्हणतीया म्युटेशन झालं. औषधामुळंच म्युटेशन होतंय का?

उत्तर : दादा, पोरगी बरोबर बोलतीय, फक्त ते म्युटेशन औषधानं घडवलं असं समजू नका. धाग्याला लोंबकळतीय म्हणजे ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी असणार. एक मादी दीडशेच्या आसपास अंडी घालते आणि गरम हवेत दोन-तीन आठवड्यात पुढची पिढी तयार. दर पिढीत डीएनएची कॉपी होताना कुठंतरी एखादं अक्षर चुकतंच, तेच म्युटेशन, बहुतेक चुकांनी काहीच फरक पडत नाही, काहींनी अळीचंच वाटोळं होतं. पण समजा तुमचं औषध पायरेथ्रॉइड गटातलं आहे, ते अळीच्या नसांमधल्या सोडियमच्या वाटेवर चिकटतं आणि अळी तडफडून मरते, तर डीएनएतल्या अशाच एका चुकीनं त्या वाटेच्या प्रोटीनच्या साखळीत एका ठिकाणी ल्युसिन नावाच्या कडीच्या जागी फेनिलअलॅनिन आलं, एवढी एकच कडी बदलली, की औषध नीट चिकटेना होतं. अशी एखादी अळी पंप पाठीवर घ्यायच्या आधीच रानात होती. फवारलं, बाकीच्या मेल्या, ती राहिली आणि पुढं सगळी तिचीच पिलावळ. हीच निवड. जगलेली अळी काही शिकलेली नसते ओ, ती जन्मापासूनच तशी.

कशावरून, असं पोरगी विचारणारच, तिला लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांचा 1943 चा प्रयोग सांगा, मला तो फार आवडतो. त्यांनी बऱ्याच नळ्यांत बॅक्टेरिया वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले त्यांना मारणाऱ्या व्हायरसपुढं टाकले. व्हायरसमुळं म्युटेशन होत असतं तर सगळीकडं साधारण सारखेच वाचले असते ना? पण कितीतरी नळ्यांतून एकही वाचला नाही आणि एखादीतून शंभरावर वाचले, कारण त्या नळीत म्युटेशन आधीच कधीतरी होऊन त्याची पोरं-नातवंडंसुद्धा वाढलेली होती.

तुमच्या या पतंगावर इंडोनेशियातल्या जावा बेटावर डीडीटी हे कीटकनाशक चालेना झाल्याची नोंद 1953 ची आहे, म्हणजे दुखणं जुनंच.

आता डोस वाढवणं पहिलं बंद करा, त्यानं उरल्यासुरल्या साध्या अळ्या तेवढ्या मरतात आणि रान त्या टिकणाऱ्यांनाच मोकळं मिळतं. औषध बदलायचं म्हणजे नुसतं डब्यावरचं नाव नाही, गट बदलायचा, म्हणजे अळीला वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध घ्यायचं, दुकानात तसंच विचारा. आणि पुढच्या लागणीला कोबीच्या 25 ओळींमागं मोहरीच्या 2 ओळी टाका, पतंग अंडी घालायला मोहरीवर जातोय, एक ओळ लागणीच्या 15 दिवस आधी आणि दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी.