त्याला सांगायच्या आधी लेकीला सांग

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोल्हापूरची, वय 34, मंगळवार पेठेत राहते. कॉलेजपासून एका मुलावर प्रेम होतं, पण जात वेगळी म्हणून त्याच्या घरच्यांनी लै तमाशा केला आणि तो गप बंगलोरला नोकरीला निघून गेला, नंबर पण बदलला. तो गेल्यावर मला कळलं की मला दिवस गेलेत. दादा-वहिनी पाठीशी उभे राहिले म्हणून मुलगी झाली, आता ती तिसरीत आहे. गल्लीत सांगितलंय की नवरा बाहेरगावी असतो, आमचं पटत नाही, पोरीला पण तेच माहितीय. आता त्याचे वडील वारले आणि तो दुकान बघायला परत आलाय, महाद्वार रोडला समोरासमोर गाठ पडली, मग मेसेज सुरू झाले, त्यानं लग्न केलेलं नाही, माफी मागतोय, परत सुरुवात करू म्हणतोय आणि खरं सांगू का, मला पण तो अजून आवडतो. पोरीचं त्याला काहीच माहिती नाही. आई म्हणते तोंड उघडू नको, पोरगी काढून घेतील. वहिनी म्हणते सांग आणि लग्न करून मोकळी हो. सांगू का नको? तो कोर्टात जाऊन पोरगी नेऊ शकतो का?
एक आई, कोल्हापूर

उत्तर: आधी आईची भीती. तुमचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्याप्रमाणं मुलीची नैसर्गिक पालक तूच आहेस, बाप तुझ्यानंतर. तो भेटायची परवानगी मागू शकतो, पण कोर्ट मुलीचं भलं कशात आहे तेच बघतं आणि जन्मापासून तुझ्याजवळ असलेली पोरगी एका अर्जावर कुणी उचलून नेत नाही. 2015 साली सुप्रीम कोर्टानं तर असंही सांगितलंय की लग्न न झालेल्या आईला पालक म्हणून नेमायला बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. उलट पोटगीचा हक्क मुलीला आहे, आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो.

आता सांगायचं का. तुझ्या पत्रात आई बोलते, वहिनी बोलते, तो बोलतो, फक्त पोरगी कुठंच बोलत नाही. मालिकांमध्ये असल्या गोष्टीत सगळा जोर त्याला कळतं त्या क्षणावर असतो, पाऊस, डोळ्यात पाणी, आणि लेकरू पळत जाऊन बाबा म्हणतं. त्या लेकराला त्या रात्री जेवण गेलं का ते कोण दाखवत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी लेकीला सांग, मग त्याला. कारण त्याला कळलं की त्याच्या आईला कळणार, मग काकाला, मग दुकानातल्या माणसांना, आणि महाद्वार रोडवरची गोष्ट मंगळवार पेठेत यायला संध्याकाळ पण लागत नाही, मग तुझ्या पोरीला ते शाळेत कुठलंतरी पोरगं चिडवताना सांगेल. तसं होऊ देऊ नको.

घरात निवांत असताना सांग, शाळा-परीक्षेच्या गडबडीत नको. साधं बोल: बाबा बाहेरगावी असतात, आमचं पटत नाही असं मी सांगितलं होतं, ते खरं नव्हतं, आमचं लग्न झालं नव्हतं आणि तू पोटात आहेस हे त्यांना माहिती नव्हतं. बास, एवढंच. त्याला चांगलं पण म्हणू नको, वाईट पण नको. ती रडेल, नाहीतर काहीच न बोलता खेळायला जाईल आणि आठवड्यानं अचानक विचारेल, तेच तेच दहादा विचारेल, दरवेळी तेच उत्तर दे. आणि कृपा करून त्याला आधी "काका" म्हणून घरी आणू नको. लोक हमखास हे करतात आणि पोरांना नंतर त्याचाच जास्त राग येतो.

मग त्याला सांग, मेसेजवर नाही, समोर बसून, दादाला जवळपास थांबायला सांग. तो चिडला तर चिडू दे, नंबर बदलणं त्याचं होतं पण इतकी वर्षं न सांगणं तुझं होतं. त्याचा पहिला प्रश्न काय येतो ते बघ, पोरगी कशी आहे असं विचारतो, का घरच्यांना काय सांगू म्हणतो.

लग्नाची घाई मात्र अजिबात नको, वहिनीनं कितीही म्हटलं तरी. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 साली आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली, तिथं हा माणूस जातीच्या तमाशाला घाबरून पळाला, हे मला खरंच टोचतं. आता तो आपल्या तोंडानं घरी तुमच्या दोघींबद्दल सांगतो का बघ. नुसता तू अजून आवडतेस म्हणतो आणि घरी गप बसतो, असं असेल तर पोरीशी नातं ठेवू दे, तुझं लग्न राहू दे.

त्याच्या घरचं कुणी कसलाही कागद सहीला घेऊन आलं तर लगेच सही करू नको. कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं बायकांना उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. जाताना मुलीचा जन्मदाखला आणि त्याच्या मेसेजच्या प्रिंट सोबत ने.