पिल्लू विकत घ्यावं की सोडून दिलेला कुत्रा घरी आणावा?

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर पुण्याहून देवगडला राहायला आलात, घराला मोठं अंगण आहे, मुलगी लॅब्राडॉरचं पिल्लू पाठवते म्हणते आणि तुमच्या मनात मात्र एखाद्या बेवारस कुत्र्याला घर द्यावं असं आहे. तुमच्या मनात आहे तेच करा. आणि त्यातही पिल्लाच्या मागे न लागता वयात आलेला गावठी कुत्रा किंवा कुत्री घ्या.

मी मालवण तालुक्यात राहते. आमच्याकडे कुत्री बेवारस होताना दिसतात ती मे संपता संपता. चाकरमानी सुट्टीला येतात, पोरं रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणतात, महिनाभर ते त्यांच्यासोबत गादीवर झोपतं. जूनमध्ये घराला कुलूप लागतं आणि पिल्लू दाराशी बसून राहतं. पर्यटकांना भाड्यानं देतात त्या बंगल्यांचंही तेच, सीझनभर राखणीला कुत्रा आणि पावसाळ्यात तो कुणाचाच नाही. पाळलेलं जनावर असं उपाशी टाकून जाणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण त्यासाठी पोलिसांत गेलेलं मी आजवर कुणाला पाहिलं नाही.

आमची तांबू अशीच. बंद बंगल्याच्या पायरीवर आठवडाभर भिजत होती. मग भाताच्या वासानं आमच्या अंगणात आली, स्कूटरखाली झोपायला लागली, पण पडवीची पायरी चढायची नाही. मी रोज हाका मारायचे. शेजारच्या आजींनी अडवलं, "तिका हाक मारू नको. आपसूक येतली." मी हाका बंद केल्या. बारा-तेरा दिवसांनी, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी पडवीत आठळ्या सोलत बसले होते. ती वर आली, अंग झाडून माझ्यावर सगळं पाणी उडवलं आणि हनुवटी माझ्या पावलावर टेकवून डोळे मिटले. मी तासभर पाय हलवला नाही. अजूनही झोपताना तिला हनुवटीखाली काहीतरी लागतं, चप्पल नाहीतर उंबरठा.

मोठ्या कुत्र्याचा स्वभाव घेण्याआधीच कळतो. मुलांवर धावतो का, कोंबड्यांच्या मागे लागतो का, सगळं दिसतं. पिल्लाचं तसं नाही. शिवाय त्याला पार्व्हो, म्हणजे जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला तर दिवसातून दोनदा सलाइन लावावं लागतं, आणि तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुरांसाठी आहेत. घेण्याआधी त्या कुत्र्याला रोज खायला कोण घालतं ते शोधा, मग ती टपरीवाली असो की जेटीवरचा खलाशी. त्या माणसाला विचारल्याशिवाय उचलू नका. कानाला कापलेली खाच दिसली तर नसबंदी झालेली आहे असं समजा. नसेल तर करून घ्या. लोक मादी घ्यायला बिचकतात ते पिल्लांच्या भीतीनं, आणि म्हणून मादीच जास्त टाकल्या जातात. एका ऑपरेशननं तो प्रश्न कायमचा मिटतो.

रेबीजची लस आणि जंताचं औषध पहिल्याच आठवड्यात. आपल्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, असतो, तेव्हा लेप्टोचा समावेश असलेली एकत्रित लस डॉक्टरांकडे आवर्जून मागा. गोचिडांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. रोज संध्याकाळी कानाच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या चाचपायच्या. कुत्रं जेवेनासं झालं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची शंका घ्या आणि त्याच दिवशी रक्त तपासा. भात आणि काटे काढलेली उकडलेली मासळी चालते. कांदा अजिबात नको, खारवलेली सुकी मासळीही नको, आणि मोठ्या कुत्र्याला दुधाची गरज नसते.

रात्री मात्र त्याला घरात किंवा बंद पडवीत घ्या. अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट, आणि चिऱ्याचा गडगा बिबट्याला अडवत नाही. राखणीसाठी कुत्रा बाहेरच हवा असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच, ऐकू नका. दुसरं, तुमच्या देवगडच्या कातळसड्यावर फुरशी, म्हणजे छोटे पण विषारी साप, आहेत. फिरायला नेताना पट्टा हवा, दगडांच्या फटीत नाक घालू देऊ नका. साप चावलाच तर झाडपाल्यात वेळ न घालवता थेट डॉक्टरांकडे जा. माणसांसाठी असलेली बहुविध प्रतिविषाची लस फुरशावरही चालते आणि जनावरांनाही देतात. तुमच्या दवाखान्यात ती असते का, हे आत्ताच विचारून ठेवा.

आणखी एक गोष्ट आधी ठरवा. तुम्ही पुण्याला आठ दिवस गेलात तर त्याला कोण बघणार? शेजारी हो म्हणाले की मगच आणा. आमच्याकडे त्या आजीच तांबूला सांभाळतात, आणि मी परत आले की पहिले दोन दिवस ती त्यांच्याच घरी जेवते.

बोटी लागतात त्या वेळी चार-पाच दिवस सलग जेटीवर जाऊन नुसते उभे राहा. खायला काही नेऊ नका. तिथली कुत्री माशांसाठी येतात, पण मासे संपल्यावरही तुमच्या मागे रिक्षा स्टँडपर्यंत चालत येणारं एखादं असतं.