आईला देखभाल केंद्रात ठेवलं तर पाप लागेल का?

ठाण्यातले एक बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आईचा स्मृतिभ्रंश वाढलेला. रात्री कडी काढून ती रस्त्यावर जायची, सुनेवर हात उगारायची. घरात कुणाला धड झोप नव्हती. "मॅडम, आईबापाचा मान राख, ही दहा आज्ञांतली आज्ञा. तिला केंद्रात ठेवलं, तर देवाला काय तोंड दाखवू?"

ही भीती सगळ्याच धर्मांच्या मुलामुलींना छळते. नुसतं 'मनाला लावून घेऊ नका' म्हटल्याने ती जात नाही. म्हणून आम्ही त्यांच्याच परंपरेत शिरलो.

मान राखणं म्हणजे काय, हे तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चांच्या ग्रंथात, अगदी कामांच्या भाषेत सांगितलंय: खाऊपिऊ घालणं, कपडे घालणं, पांघरूण घालणं, हात धरून नेणं-आणणं. खर्च आईबापांच्या पैशातून करावा, असंही तिथे ठरवलंय. हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. आईच्या ठेवीला हात लावणं त्यांना चोरी वाटत होती.

तालमुदात असंही म्हटलंय की एखादा बापाला पुष्ट पक्षी खाऊ घालूनही दोषी ठरतो, तर दुसरा त्याला जात्यावर बसवूनही पुण्य मिळवतो. पहिल्याने ताट वाढलं, पण तोंडाने अपमान केला. इथे ते गप्प झाले. मग म्हणाले, "हल्ली भरवताना मी आईवर ओरडतो."

बाराव्या शतकातले धर्मशास्त्री मायमोनिदीस स्वतः वैद्य होते. ते लिहितात, आईबापाची बुद्धी भ्रमली तर त्यांच्या कलाने घ्यावं. ते अशक्यच झालं तर मुलाने दूर व्हावं आणि त्यांची नीट काळजी घ्यायला इतरांना सांगावं. त्याच शतकातल्या फ्रान्समधल्या राबाद या पंडिताने यावर हरकत घेतली: मुलगाच निघून गेला, तर सांभाळायला सांगणार कुणाला? मला ही हरकत फार मोलाची वाटते. मायमोनिदीस परवानगी देतात, राबाद आपल्याला सांभाळणारं माणूस आधी शोधायला लावतात.

तेच आम्ही केलं. केंद्रं बघताना विचारायचे प्रश्न काढले: रात्री किती मदतनीस असतात, दार कसं राखतात, आम्ही न कळवता आलो तर चालेल का? एक महिना ठेवून बघायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) लागण्याआधी, आईला भरवायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. पुढच्या भेटीला धाकट्या भावालाही आणायला सांगितलंय. खर्च आणि भेटीचे वार दोघांनी मिळून कागदावर लिहायचे आहेत.