राफ्टिंगनंतर व्हाईटवॉटर कयाकिंग शिकायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

आपण कोलाडला राफ्टिंग केले आहे, बऱ्यापैकी पोहता येते, आणि आता खळाळत्या पाण्यात एकट्याने कयाक, म्हणजे एका माणसाने वल्हवायची अरुंद होडी, चालवायला शिकायचे आहे; त्यासाठी दंडांत किती ताकद कमवावी, असे आपण विचारले आहे. मी ऋषिकेशच्या वर शिवपुरी येथे हा खेळ शिकलो आणि मध्यम प्रतीच्या रॅपिडपलीकडे (रॅपिड म्हणजे नदीचा खळाळता, वेगवान टप्पा) गेलेलो नाही, त्यामुळे माझे उत्तर तेवढ्याच अनुभवापुरते आहे. ताकदीची चिंता मी तूर्त बाजूला ठेवेन. राफ्टमध्ये पाणी वाचण्याचे काम मागे बसलेला गाइड करतो आणि आपण त्याच्या हुकमानुसार वल्ही मारतो. कयाकमध्ये ते वाचन ज्याचे त्यालाच करावे लागते आणि शिकण्याचा मोठा भाग त्यातच आहे.

मात्र पहिला धडा पाण्याखाली उलटे होण्याचा असतो. कमरेभोवतीचा स्प्रे स्कर्ट, म्हणजे होडीत पाणी शिरू न देणारे आवरण, कयाकच्या तोंडाला घट्ट बसवलेला असल्यामुळे होडी उलटली की आपण डोके खाली करून आत अडकलो आहोत असे वाटते. अशा वेळी पुढे वाकून छाती होडीला चिकटवायची, म्हणजे चेहरा खडकांपासून वाचतो; मग स्कर्टची पुढची पट्टी ओढायची, कमरेजवळ होडीवर हात टेकायचे आणि पाय बाहेर काढायचे. शिक्षक शेजारी उभा असताना, शांत पाण्यात, घाबरणे संपेपर्यंत हे करावे. होडीतून न उतरता सरळ होण्याची क्रिया, म्हणजे रोल, त्यानंतरची. थंडगार समुद्रात पोहणे म्हणजे मृत्यूच असलेल्या आर्क्टिक प्रदेशातील इनुइट शिकाऱ्यांकडून ती आलेली आहे. रोलमध्ये होडी कमरेच्या झटक्याने सरळ होते आणि डोके सर्वांत शेवटी वर यावे लागते. श्वासासाठी डोके आधी उचलले की होडी पुन्हा उलटते. जिममध्ये कमावलेले दंड येथे कित्येकदा आडच येतात.

वाहत्या पाण्यात गेल्यावर पहिली ओळख करून घ्यावी ती एडीची. मोठ्या खडकावर धार फुटते, त्याच्या मागे पोकळी राहते, आणि ती भरण्यासाठी पाणी खालून वर, म्हणजे उलट दिशेने वाहू लागते. थांबायला, श्वास घ्यायला, पुढचा टप्पा न्याहाळायला हीच जागा. परंतु एडी आणि मुख्य धार यांच्यामधल्या रेषेवर दोन विरुद्ध प्रवाह घासत असतात, आणि नवशिके सर्वाधिक उलटतात ते तेथेच. एडीतून धारेत शिरताना ज्या बाजूने प्रवाह येतो ती होडीची कड उचललेली हवी. ती बुडाली की पाणी होडीच्या पाठीवर चढते आणि क्षणात तिला पालथी करते. खडकावर आडवे आदळलो तरी नियम हाच: मन दूर पळायला सांगते, शरीराने मात्र खडकाकडे झुकायचे असते.

रॅपिडची प्रत 1 (सर्वांत सोपी) ते 6 (सर्वांत अवघड) अशी मोजतात, पण पाणी वाढले-घटले की तोच रॅपिड वेगळा होतो. कोलाडच्या कुंडलिका नदीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या विसर्गावर अवलंबून असते, हे आपण पाहिलेच असेल. राफ्टमधून सहज पार केलेला तिसऱ्या प्रतीचा रॅपिड कयाकमध्येही तसाच वाटेल असे गृहीत धरू नये.

होडी सुटलीच, तर पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून पाठीवर तरंगत जावे आणि वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाऊल दगडांत अडकले तर प्रवाह शरीराला पुढे आडवे पाडतो, मग ते उथळ पाण्यातही जिवावर बेतते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून अडकलेला पाय नुसत्या जोराने निघत नाही. पाण्यात पडलेल्या झाडापासूनही दूर राहावे, कारण त्याच्या फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकतो. आपल्याकडे विशेष जपावे लागते ते बंधाऱ्यांना. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल, तर पायथ्याचे पाणी मागे वळून भिंतीकडे परत येते, आणि ही उलटी धार एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असल्यामुळे लाइफ जॅकेट घातलेला माणूसही तिच्यात फिरत राहतो. असा बंधारा दिसला की होडी खांद्यावर घेऊन काठाने चालत जावे. त्यात कमीपणा नाही.

शिकण्यासाठी मी ऋषिकेश किंवा नेपाळमधील त्रिशूली नदी सुचवेन. ऋषिकेशला पावसाळ्यात हे सर्व बंद असते, आणि हिवाळ्यात पाणी कमी असले तरी फार थंड असते. केरळात कोळिकोडजवळच्या चालिपुळा व इरुवंजिपुळा या नद्यांवर भर पावसाळ्यात कयाकिंग चालते, पण ते सरावलेल्यांसाठी. स्वतःची होडी आताच घेऊ नये. मापाचे हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घेतले तरी पुरे. वर्गात नाव घालण्यापूर्वी एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, नदीवर उतरण्याआधी शांत पाण्यात सराव होतो का, आणि काठावरून फेकण्याची दोरी कोण सांभाळतो, एवढे तरी विचारून घ्यावे.