मुलगा वस्तीतल्या मुलांसोबतच काम करायचं म्हणतोय, होकार द्यावा का?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, दोन वर्षांपासून संध्याकाळी वस्तीतल्या युवा केंद्रात स्वयंसेवक म्हणून जातो आणि आता ‘मला हेच काम करायचंय’ म्हणतो. यात पोट भरेल का, वेगळं शिक्षण लागेल का, आणि हा उत्साह टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. पण माझं लक्ष अडकलं ते पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या गोष्टीपाशी. केंद्रातल्या एका मुलाने शाळा सोडली. तुमचा मुलगा तडक त्याच्या घरी गेला, वडिलांना चार शब्द सुनावून आला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचं केंद्रावर येणंच बंद झालं. तेव्हापासून तुमच्या मुलाचं कशात मन लागत नाही.

त्याला अपराधी वाटतंय ही चांगली खूण आहे. पण काय चुकलं हे त्याला कुणीतरी नीट दाखवायला हवं. त्याला मुलगा दिसला, मुलाचं घर दिसलं नाही. अनुभवी कार्यकर्ता आधी मुलालाच विचारतो, ‘मी घरी आलेलं चालेल का? आल्यावर काय बोलू, काय नको?’ मग वडिलांच्या सोयीची वेळ बघून जातो. पहिल्या भेटीत शाळेचा विषय काढतोच असं नाही. घरात कमावणारं कोण आहे, कुणाचं आजारपण आहे का, कर्ज आहे का, मुलाच्या हातात येणाऱ्या पैशांवर घरातलं काय काय चालतं, हे ऐकून घेतो. बरेचदा शाळा सुटण्याचं कारण घरच्यांनाही खुपत असतं, आणि परक्या पोराने तेच तोंडावर फेकलं की लाज रागातून बाहेर पडते. त्या घराशी नातं अजूनही जुळू शकतं. केंद्रातल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीने जावं, तुमच्या मुलाने सोबत जाऊन माफी मागावी आणि बाकी वेळ गप्प बसून ऐकावं. त्या एका तासात तो जे शिकेल, ते वर्गात शिकायला वेळ लागतो.

मी हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण या क्षेत्राचा गाभाच हा आहे. मुलांची आवड असणं पुरेसं नाही. घर, शेजार, शाळा आणि मूल या सगळ्यांना धरून काम करता आलं पाहिजे. हे जुनंच शहाणपण आहे. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 साली शिकागोत हल हाउस नावाचं वस्तीकेंद्र सुरू केलं, तेव्हा त्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतच राहायला गेल्या. लहान मुलांसाठी पाळणाघर आणि बालवाडी, मोठ्यांसाठी वर्ग असं सगळं एकाच ठिकाणी होतं. मूल सांभाळायचं तर आईच्या कामाच्या वेळा विसरून चालत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

मुलांना बळ कुठून मिळतं, यावरही भरपूर अभ्यास झालाय. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, आत्मविश्वासू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात भरवशाचं कुणीतरी मोठं माणूस होतं, कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. तुमच्या मुलाला असं माणूस व्हायचंय, आणि ही इच्छा मोलाची आहे.

पण याची दुसरी बाजूही त्याला सांगा. मार्गदर्शक आणि मुलांच्या जोड्यांवर जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांचा 2002 सालचा अभ्यास आहे. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या नात्यांचा मुलांना सर्वाधिक फायदा झाला, आणि अगदी लवकर तुटलेल्या नात्यांनी काही मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. ज्यांना आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्यांना आणखी एकाने सोडून जाणं फार लागतं. म्हणून ‘उत्साह टिकेल का’ हा तुमचा प्रश्न मला आईची भीती म्हणून बाजूला सारावासा वाटत नाही. टिकून राहणं हीच या कामातली पात्रता आहे.

टिकायचं तर मर्यादा आखाव्या लागतात. तुम्ही लिहिता, रात्री उशिरापर्यंत मुलांचे फोन येतात आणि तो स्वतःच्या खिशातून पैसे देतो. हे थांबायला हवं. फोनची वेळ ठरलेली असावी, पैशांची मदत संस्थेमार्फतच व्हावी. एखाद्या मुलाने मारहाणीबद्दल किंवा छळाबद्दल सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नये. ते कुणाला कळवायचं, हे संस्थेच्या बालसंरक्षण धोरणात लिहिलेलं असतं. ते त्याने वाचलंय का, विचारा.

शिक्षणाचं म्हणाल तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी हा सरळ मार्ग. तिथे व्यक्तीसोबतचं काम, गटकार्य आणि समुदाय संघटन तर शिकवतातच, पण खरं मोल क्षेत्रकार्याचं. प्रत्यक्ष काम करायचं, त्याची नोंद लिहायची आणि पर्यवेक्षकासमोर ती उलगडायची. मात्र त्याने लगेच प्रवेश घेऊ नये असं माझं मत आहे. आधी वर्षभर एखाद्या संस्थेत पगारी, पूर्णवेळ काम करावं. संध्याकाळचे दोन तास आणि रोजचा पूर्ण दिवस यांत फार फरक आहे. वाणिज्यचं शिक्षणही वाया जात नाही. अंदाजपत्रक आणि निधीचा हिशेब समजणारा कार्यकर्ता संस्थांना हवाच असतो, पुढे प्रकल्प समन्वयक होताना ते कामी येतं.

पगाराबद्दल गोड बोलणार नाही. सुरुवातीला तो बरोबरीच्या मित्रांपेक्षा कमी कमावेल अशी शक्यता जास्त आहे. बऱ्याच जागा प्रकल्पाच्या निधीवर चालतात, निधी संपला की करारही संपतो. घरावर कर्ज असेल किंवा त्याच्या पगारावर कुणी अवलंबून असेल, तर हे आत्ताच एकत्र बसून बोला. काही वर्षं नोकरी आणि सोबत स्वयंसेवा हाही सन्मानाचा पर्याय आहे.

संस्था निवडताना त्याने तीन गोष्टी थेट विचाराव्यात. नव्या कार्यकर्त्याचं पर्यवेक्षण कोण करतं आणि किती वेळा? आधीचे कार्यकर्ते किती काळ टिकले? आणि कार्यक्रम ठरवताना मुलांना आणि पालकांना कोण विचारतं? संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं, पण कित्येक ठिकाणी मुलं फक्त मंचावर स्वागतगीत म्हणायला लागतात. या प्रश्नांना गोलमोल उत्तरं मिळाली तर दुसरी संस्था बघावी.

निकाल लागण्याआधी त्याने निदान दोन संस्थांत जाऊन हे विचारावं, आणि काय उत्तरं मिळाली ते मला कळवावं. ते पत्र मात्र त्याने स्वतः लिहावं.