रोज शंभराच्या घरात रिटर्न येतात. चादरी-टॉवेलचा ढीग कसा आवरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गाळ्यातून तुम्ही चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकता. दिवाळीनंतर रोज ८०-१०० पार्सलं परत येताहेत, गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही आणि क्लेमच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मकडे भरपाई मागण्याच्या, मुदती हुकताहेत. सुरुवात कुठून करायची?

दारातून करा. कुरिअरवाला गोणी टाकतो, आपण सही करून किंवा ओटीपी सांगून मोकळे होतो, आणि नुकसान तिथंच होतं. यादीत ४२ पार्सलं आणि गोणीत ३९ निघाली, तर ओटीपी दिल्यावर ती तीनही तुम्हाला मिळाली असंच धरलं जातं. आधी एकेक लेबल स्कॅन करा, आकडा जुळवा. फाटलेलं किंवा वेगळ्याच टेपने चिकटवलेलं पार्सल दिसलं तर त्याच्यासमोरच फोटो काढा आणि पावतीवर तसा शेरा लिहून घ्या. तो घाई करेल, पण थांबवा.

मग लगेच दोन ढीग करा. आरटीओ, म्हणजे गिऱ्हाईकापर्यंत न पोहोचता परत आलेला माल, एकीकडे आणि गिऱ्हाईकाने उघडून परत पाठवलेला दुसरीकडे. पाठवताना प्रत्येक पार्सलचं वजन लिहून ठेवत असाल तर आरटीओचं काम फार हलकं होतं. सील शाबूत आणि वजन तेवढंच असेल, तर बाहेरची कुरिअर बॅग काढून आतलं पारदर्शक पाकीट नजरेखालून घाला आणि स्टॉकला लावा. वजनात १०० ग्रॅमचा जरी फरक आला तरी ते पार्सल कॅमेऱ्याखाली गेलंच पाहिजे.

गिऱ्हाईकाचं प्रत्येक रिटर्न कॅमेऱ्याखालीच उघडायचं. टेबलावर स्टँडला मोबाइल लावा. लेबल, बारकोड, सहाही बाजू, मग कात्री, मग माल पूर्ण उलगडून, हे सगळं एकाच सलग व्हिडिओत हवं. मध्ये तुटलेला व्हिडिओ क्लेममध्ये टिकत नाही. फाइलला ट्रॅकिंग नंबरचं नाव द्या. ७२०पी वर मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात. रोज मिनिटाचे १०० व्हिडिओ धरले तर ६ जीबी, महिन्याला १८० जीबी. मोबाइलच्या मेमरीवर विसंबू नका, एक हार्ड डिस्क घ्या. ६० आरटीओ आणि ४० गिऱ्हाईकाचे धरले, पहिल्याला एक मिनिट आणि दुसऱ्याला तीन, तर तीन तासांचं काम होतं. एकाने उघडायचं, दुसऱ्याने नोंदवायचं. पॅकिंगच्या माणसांना मधूनच उठवून हे काम देऊ नका, दोन्हीकडे चुका होतात.

तपासणीत डोळ्यांइतकाच हात लागतो. कोऱ्या टॉवेलला फिनिशिंगचा गुळगुळीतपणा असतो. एकदा पाण्यात गेला की फासे, म्हणजे वरची धाग्याची वेटोळी, सुटे होतात, हात फिरवला की खरखरीत-फुललेलं लागतं आणि शिवलेलं लेबल लाटेसारखं वळतं. चादरीच्या प्रेसच्या घड्या पुसट झालेल्या दिसतात. टॉवेल ट्यूबलाइटखाली तिरका धरा, केस आणि हळदीचे डाग दिसतील. मग वास घ्या. वापरलेला टॉवेल परत नव्या पाकिटात घालायचा नाही, यात तडजोड नको. नुसता फासा ओढला गेला असेल तर तो ओढून काढू नका, कात्रीने पृष्ठभागाशी छाटा, तुकडा वाचतो.

सोलापुरात एकच डिझाइन दहा कारखान्यांत विणलं जातं. म्हणून परत आलेली चादर आपलीच आहे हे सिद्ध करणं अवघड जातं. काठाच्या एका कोपऱ्यात ठरावीक रंगाचा दोरा शिवून घ्या आणि पाठवतानाच्या फोटोत तो दिसू द्या. माल बदलून परत आला तर हाच पुरावा.

ॲपवर ‘रिटर्न पोहोचला’ दिसलं म्हणून स्टॉक वाढवू नका. तपासणी झाल्यावरच वाढवा, नाहीतर नसलेला माल विकला जातो आणि ऑर्डर रद्द केल्याचा दंड बसतो. क्लेमची मुदत प्रत्येक प्लॅटफॉर्मची वेगळी असते आणि बदलतेही. शीटमध्ये ‘शेवटची तारीख’ असा रकाना ठेवा आणि क्लेम त्याच दिवशी टाका. आठवड्यातून एकदा ॲपची यादी तुमच्या स्कॅनशी ताडून पाहा.

दुसरा महत्त्वाचा रकाना कारणाचा. गिऱ्हाईकाने निवडलेलं कारण एक, तुम्हाला दिसलेलं दुसरं, दोन्ही लिहा. ‘माल खराब’ म्हणून आलेल्या कित्येक चादरींत काही बिघाड नसतो, फक्त ६० बाय ९० इंच हा आकडा वाचून गिऱ्हाईकाने डबल बेड गृहीत धरलेला असतो. ७२ इंच रुंद गादीवर ती अपुरी पडणारच. ‘एका माणसासाठी’ असं पहिल्याच फोटोवर लिहा. ‘पातळ आहे’ येत असेल तर ग्रॅममध्ये वजन द्या. रंग सुटल्याची तक्रार असेल तर पाकिटात चिठ्ठी घाला: पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात. कॅश ऑन डिलिव्हरीचे आरटीओ जास्त असतील तर माल निघण्याआधी फोन किंवा व्हॉट्सॲपवर पत्त्याची खात्री करून घ्या.

हिशेबाचं थोडक्यात: रिटर्नची क्रेडिट नोट, म्हणजे विक्रीची रक्कम कमी केल्याची पावती, विक्रीच्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी येईल तोवर जीएसटीत दाखवावी लागते. प्लॅटफॉर्म तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर, म्हणजे टीसीएस, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के, रिटर्न वजा जाता उरलेल्या विक्रीवर असतो. दर महिन्याला जुळवा.

पावसाळ्यात माल जमिनीपासून चार-पाच इंच वर, फळ्यांवर ठेवा. दमट सुती माल पाकिटात बंद केला की काळे ठिपके येतात. आणि डागाळलेला माल सेकंड म्हणून बाजारात काढण्याआधी तुमचं लेबल आणि तो रंगीत दोरा कापून टाका. नाहीतर कोणीतरी तोच स्वस्तातला तुकडा तुमच्या नव्या चादरीच्या बदल्यात रिटर्नमध्ये घालून पाठवील, आणि खूण तुमचीच असल्यामुळे क्लेम मिळणार नाही.