टवाळी करायची तर आधी आकडेमोड शिक

अरे, हंटर थॉम्पसन हा अमेरिकन पत्रकार वाचून नुसत्या शिव्या उचलू नकोस. १९७२ मध्ये 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकासाठी तो अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारामागे वर्षभर भटकला. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनातलं डेलिगेटांचं, म्हणजे मत देणाऱ्या प्रतिनिधींचं, किचकट गणितही त्याने खोदून लिहिलं, म्हणून त्याची टवाळी झोंबते.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीतला एडमंड मस्की आयबोगेन नावाचं मादक द्रव्य घेतो अशी अफवा आहे, असं त्याने ठोकून दिलं. अफवा उठवणारा तो स्वतःच! काहींना ती खरी वाटली. मला अजून हसू येतं, पण तू हे करू नकोस; आज स्क्रीनशॉट गावभर फिरतो, खुलासा कुणी वाचत नाही.

त्याची दुसरी सवय मात्र घे. तो उघडउघड डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्नच्या बाजूचा होता. मॅकगव्हर्नने उपाध्यक्षपदासाठी निवडलेल्या इगल्टनला, त्याचे जुने मानसोपचार उघड झाल्यावर, माघार घ्यावी लागली; तरी या प्रकरणातल्या घोळावर थॉम्पसनने पांघरूण घातलं नाही. शेवटी मॅकगव्हर्न हरला; रिपब्लिकन निक्सनने ५० पैकी ४९ राज्यं नेली.